कार्डाच्या स्टेटमेंटवर 'गव्ह टॅक्स पेमेंट २,५२९.५०' : हा कुठला कर?

बियाणंवाला (अमळनेर) – रवि, १३ जुलै २०२५, रात्री ९:४०

मंडळी, दोन तास डोकं खाजवून झालं, आता इथे टाकतोय. काल क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलं. एरवी मी फक्त शेवटचा आकडा बघतो आणि भरून टाकतो. या वेळी सौ. शेजारी बसली होती. तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे काय?"

१८ जूनची नोंद आहे. आधी कुठल्या तरी पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या कंपनीचं) नाव, मग 'एमएच गव्ह टॅक्स पेमेंट', पुढे 'मुंबई' आणि रक्कम २,५२९.५०.

मी कुठलाही कर कार्डाने भरलेला नाही. जीएसटी नेटबँकिंगने जातो, घरपट्टी नगरपालिकेत जाऊन रोखीने भरतो. मुंबईला तर दोन वर्षांत पाय ठेवलेला नाही. १८ जून म्हणजे आमच्या धंद्याची ऐन लगीनघाई. पाऊस पडून गेलेला, कपाशीच्या बियाण्यासाठी दुकानासमोर रांग, जेवणाचा डबासुद्धा उघडला नव्हता.

त्याच पानावर खाली आणखी दोन कर दिसतात: 'आयजीएसटी १८%' समोर ३५.८२ आणि परत एकदा ३३.४८. तेही कळत नाहीत. तिन्हीचा एकमेकांशी संबंध आहे का? कार्ड बंद करू का? कुणाला असा अनुभव?

---

मेहरूणची_बोरं (जळगाव) – रात्री ९:५२

काय भो, कर भरला म्हणून घाबरणारा पहिला माणूस पाहिला. लोक न भरल्यावर घाबरतात. :)

मस्करी राहू दे. आधी कार्ड ॲपवरून तात्पुरतं लॉक कर, बाकी सकाळी बघू.

---

वरणबट्टी – रात्री १०:०५

सरकारने क्रेडिट कार्ड वापरावर नवीन टॅक्स लावला आहे. आमच्या ग्रुपवर मेसेज आला होता. वर्षाला अडीच हजार. बहुतेक तोच असणार.

---

तिसरी_खिडकी (भुसावळ) – रात्री १०:३१

@वरणबट्टी, असा कोणताही कर नाही. तो मेसेज पुढे ढकलू नका.

@बियाणंवाला, ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी काउंटरवर. हा प्रश्न रोज यायचा, फक्त तेव्हा पासबुक पुढे करून यायचा. स्टेटमेंटवर 'टॅक्स' शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी येतो आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक, बँक तुमच्याकडून फी किंवा व्याज घेते त्यावरचा जीएसटी. तो सरकारचा असला तरी कापते बँक, आणि त्याचं मूळ त्याच स्टेटमेंटवर वरखाली कुठेतरी सापडतं. दुसरा, तुम्ही (किंवा तुमच्या कार्डावरून कुणीतरी) सरकारच्या तिजोरीत भरलेला कर. बँकेच्या लेखी ती साडी घेण्यासारखीच एक खरेदी. दुकानदार तेवढा सरकार.

३५.८२ आणि ३३.४८ ही पहिल्या जातीची. इथे १८ टक्के कर वेगळा लिहिलाय, म्हणून ०.१८ ने भागा, मूळ रक्कम निघते. ३५.८२ चे निघतात १९९. १९९ रुपये ही हप्ता बांधण्याची प्रोसेसिंग फी असते. एवढ्यात काही हप्त्यावर घेतलं का? ३३.४८ चे निघतात १८६, ते पहिल्या हप्त्यातलं व्याज असावं. वर शोधा, दोन्ही आकडे दिसतील.

२,५२९.५० चं मला काही वेगळंच वाटतंय. तेवढ्या नोंदीचा फोटो टाका, कार्ड नंबर झाकून.

---

बियाणंवाला – रात्री १०:४४

काका, कमाल आहे! मेअखेरीस फ्रिज घेतला, सहा हप्त्यांवर. '१९९ प्रोसेसिंग' आणि 'व्याज १८६' दोन्ही दिसले. दुकानदार तर म्हणाला होता 'बिनव्याजी हप्ते'.

---

सातपुडा_एक्सप्रेस (मूळ शहादा, सध्या पुणे) – रात्री १०:५८

बिनव्याजी म्हणजे व्याजाइतकी सूट तुम्हाला आधीच वस्तूच्या किमतीत दिलेली असते. बँक तिच्या वहीत व्याज लावतेच आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बसतो. तो सूट देताना कुणी धरत नाही. सहा महिने दर स्टेटमेंटवर तो दिसेल, दर महिन्याला थोडा कमी होत जाईल.

आणि 'आय'जीएसटी का, तर कार्ड देणाऱ्या बँकेची नोंदणी दुसऱ्या राज्यातली असेल आणि तुमचा पत्ता महाराष्ट्रातला, म्हणून आंतरराज्य. बँक आणि ग्राहक एकाच राज्यात असते तर ९ आणि ९ असे दोन तुकडे दिसले असते. रक्कम तीच.

मी पेमेंटच्याच क्षेत्रात आहे म्हणून विचारतो, स्टेटमेंटमध्ये प्रत्येक व्यवहारासमोर रिवॉर्ड पॉइंटचा रकाना आहे का? २,५२९.५० समोर काय आहे?

---

बियाणंवाला – रात्री ११:०६

शून्य. पेट्रोलपंपासमोर पण शून्य आहे. बाकी सगळीकडे काही ना काही आहे.

---

सातपुडा_एक्सप्रेस – रात्री ११:१५

म्हणजे नोंद खरोखर सरकारी खात्यातच गेलेली दिसते. प्रत्येक दुकानदाराला कार्ड व्यवस्थेत एक चार आकडी वर्ग-क्रमांक असतो. कर भरण्याचा ९३११, दंडाचा ९२२२, इतर सरकारी सेवांचा ९३९९. बऱ्याच बँका या वर्गांवर पॉइंट देत नाहीत. कुणी चोराने नुसतं 'गव्ह टॅक्स' नाव लावून दुकान थाटलं असतं तर वर्ग वेगळा पडून पॉइंट मिळाले असते. पक्का पुरावा नाही म्हणा, पण वास तोच येतोय. कस्टमर केअरला वर्ग-क्रमांक विचारा.

---

मेहरूणची_बोरं – रात्री ११:२०

म्हणजे चोराने अमळनेरच्या माणसाचं कार्ड चोरून महाराष्ट्र शासनाचा कर भरला. असा चोर माझ्याकडे पाठवा.

---

केळीचं_खुंट (रावेर तालुका) – सोम, १४ जुलै, सकाळी ६:५०

धाग्यात घुसतो, माफी. माझंही असंच, पण बचत खात्यावर. खात्यातून २३६ गेले, मध्ये १७.७० गेले, मे महिन्यात ४३६ आणि २०. शाखेत विचारलं तर "सरकारी कटिंग" म्हणाले. एवढा कोणता कर रे बाप्पा? आम्ही केळी पिकवतो, शेतीच्या उत्पन्नावर तर कर नाही.

---

तिसरी_खिडकी – सकाळी ७:३५

यातला एकही तुमच्या उत्पन्नावरचा कर नाही. इथे फी आणि कर एकत्रच कापलेत, म्हणून १.१८ ने भागायचं. २३६ चे झाले २०० : डेबिट कार्डाची वार्षिक फी, वर ३६ जीएसटी. १७.७० चे झाले १५ : तिमाहीचा एसएमएस आकार. एटीएममधून फुकटच्या वेळा संपल्यावर पैसे काढले तर १ मे २०२५ पासून २७.१४ पर्यंत जातात, भागून बघा, बरोबर २३. आकडा भागून गोल आला की समजायचं ही बँकेची फी आहे.

४३६ आणि २० मध्ये करच नाही. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनेची वर्षाची वर्गणी. पहिल्यात २ लाखांचा आयुर्विमा, दुसऱ्यात २ लाखांचा अपघात विमा. कधीतरी फॉर्मवर सही केली असणार. वारसाचं नाव लागलंय का ते मात्र शाखेत जाऊन बघा. "सरकारी कटिंग" हे उत्तर देणाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

आता @बियाणंवाला यांच्याकडे. २,५२९.५० भागिले १.१८ केले तर २,१४३.६४ येतात. ओबडधोबड. म्हणजे सगळी रक्कम फी नाही. मूळ आकडा गोल आणि त्यावर गेटवेचा आकार, असं काहीतरी असावं.

---

पांझरा (धुळे) – सकाळी १०:१२

मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते, रोज याच पावत्या फाडते. काका, तुम्ही दार उघडलंत, मी आत जाते.

२,५०० + २५ + ४.५० = २,५२९.५०.

म्हणजे २,५०० कर, त्यावर कार्डाने भरल्याचा गेटवेचा आकार १ टक्का म्हणजे २५, आणि त्या पंचविसावर १८ टक्के जीएसटी साडेचार रुपये. (हा आकार कार्डागणिक, गेटवेगणिक बदलतो. इथे १ टक्का धरला की हिशेब चोख बसतो.)

आणि महाराष्ट्रात बरोब्बर २,५०० चा कर म्हटला की आमच्या ऑफिसात कुणी मानसुद्धा वर करत नाही. व्यवसाय कर. त्यातला पीटीईसी, म्हणजे धंदेवाल्याने स्वतःच्या नावाने भरायचा. तोही जूनमध्ये, कारण वर्षाचा भरणा ३० जूनपर्यंत करायचा असतो. तुमचं कृषी केंद्र आहे ना, मग तुमचाच असेल. तुमच्या सल्लागाराला विचारा.

---

जुनी_गिरणी (अमळनेर) – सकाळी १०:४०

पण १५ जूनला ॲडव्हान्स टॅक्सचा पहिला हप्ता असतो. तो नसेल कशावरून?

अवांतर: आमच्या गावात अर्ध्या घरांत विप्रोचे जुने शेअर आहेत, १९४५ साली कंपनी इथेच तेलाच्या कारखान्यातून सुरू झाली. आईला लाभांश आला की त्यातून टीडीएस कापलेला असतो आणि ती दर वेळी विचारते, "माझे पैसे कुणी खाल्ले?"

---

पांझरा – सकाळी ११:०५

ॲडव्हान्स टॅक्स केंद्राचा. तिथे 'एमएच' येणार नाही. आणि तो असा छान गोल आकडा क्वचितच असतो.

आईंना सांगा, कुणी खाल्ले नाहीत, त्यांच्या पॅनवर जमा आहेत. २६एएस मध्ये (आयकर खात्याकडचा कपातीचा उतारा) दिसतील, विवरणपत्र भरलं की हिशेबात येतील. या एप्रिलपासून एका कंपनीकडून वर्षाला १०,००० पर्यंतच्या लाभांशावर कपात नाही. आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बँकेतल्या ठेवींच्या व्याजावर ती मर्यादा आता १ लाख झाली आहे. त्याहून जास्त व्याज असेल पण कर बसत नसेल तर बँकेला १५एच ('कर कापू नका' असा फॉर्म) द्यायचा.

---

बियाणंवाला – दुपारी १:३०

सल्लागाराला फोन केला. म्हणतात, "तुमच्या नावाने जूनमध्ये आम्ही काहीच भरलेलं नाही." कार्ड नंबर त्यांच्याकडे कधी दिलेलाच नाही. मग कुणी भरला? आता मात्र खरंच घाबरलो. कस्टमर केअरवाला म्हणतो, डिस्प्यूट फॉर्म पाठवा, कार्ड बंद करून नवीन देतो.

---

मेहरूणची_बोरं – दुपारी १:३८

नंबर कार्डाच्या मागचाच लावला ना? गूगलवर शोधून लावला नाही ना? आमच्या शेजाऱ्यांनी तसा लावला होता. त्या 'साहेबांनी' पैसे परत करण्यासाठी एक ॲप टाकायला लावलं आणि उरलंसुरलं पण गेलं.

---

बियाणंवाला – दुपारी १:४५

कार्डामागचाच. तेवढी अक्कल आहे. :(

---

तिसरी_खिडकी – दुपारी २:२०

फॉर्मवर सही करायची घाई करू नका. त्या फॉर्मवर लिहिलेलं असतं की 'हा व्यवहार मी केला नाही, कुणाला करायलाही सांगितला नाही'. ते प्रतिज्ञेसारखं आहे. नंतर घरातलाच कुणी निघाला तर बँकेपुढे तोंडघशी पडाल, आणि कार्ड बदललं की त्यावर लावलेली विजेची, मोबाइलची बिलं अडकतील ते वेगळंच.

दुसऱ्या बाजूने, खरंच फसवणूक असेल तर मात्र एक मिनिट घालवायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं आणि तुमची चूक नसेल, तर तुमच्यावर काही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. त्यापुढे बँकेचं धोरण. आणि घड्याळ स्टेटमेंटपासून नाही, एसएमएसपासून सुरू होतं! तुमचं ते १८ जूनलाच सुरू झालं. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लिहून ठेवा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

पण त्याआधी एकच काम करा. फोनमधला १८ जूनचा एसएमएस काढा. कार्डाने ऑनलाइन पैसे जायचे तर ओटीपी आलाच असणार. तो कुणाच्या फोनवर आला, किती वाजता आला, आणि त्या वेळी तुम्ही कुठे होता?

---

गिरणाकाठ (चाळीसगाव) – दुपारी ४:०५

तोवर थोडं अवांतर. व्यवसाय कराचं नाव निघालं म्हणून राहवत नाही.

मी शिक्षक होतो. पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार जायचे. स्टाफरूममध्ये दर फेब्रुवारीला कुणीतरी नवीन शिक्षक विचारायचाच, "या महिन्यात शंभर जास्त का कापले?" अकरा महिने दोनशे म्हणजे बावीसशे, उरले तीनशे, एवढंच गणित. २,५०० वर का थांबतो? राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच तेवढी मर्यादा आहे. आधी ती वर्षाला २५० होती, १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने २,५०० झाली. तेव्हापासून तिथेच आहे. कुठला कर सदतीस वर्षं हलला नाही, सांगा!

आणि हा कर आला कुठून? बहात्तरच्या दुष्काळातून. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, आम्ही पोरं पाझर तलावाच्या कामावर पाटी उचलायचो. दुपारी सुकडी मिळायची. घरात मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी, ती कितीही भाजली तरी घशाखाली उतरायची नाही. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना. गावात हाताला काम द्यायचं तर पैसा कुठून आणायचा, म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने, व्यापाऱ्याने थोडं द्यायचं आणि सरकारने तेवढीच भर घालायची. रोजगार हमीचा कायदा त्यानंतर १९७७ चा.

माझ्या पहिल्या पगारातून हा कर कापला गेला तेव्हा घरी येऊन आईला सांगितलं, तुझ्या खडीचे पैसे आता माझ्या पगारातून जातात. तिला काही कळलं नाही. म्हणाली, "मग पूर्ण दिले का त्यांनी?"

---

पांझरा – दुपारी ४:२२

गुरुजी, पंधरा वर्षं हे चलन भरतेय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

---

बियाणंवाला – संध्या. ७:५०

मंडळी, चोर सापडला. घरातलाच आहे. खरं सांगायचं तर चोर मीच.

एसएमएस काढला. १८ जून, दुपारी ४:१२. ओटीपीच्या संदेशातच रक्कम आणि गेटवेचं नाव लिहिलेलं आहे, २,५२९.५०. त्याच्या एक मिनिट आधी धाकट्या भावाचा फोन, ४:११. कॉल ४८ सेकंदांचा.

भावाला फोन लावला. त्याने या वर्षी धरणगावला ठिबकच्या सामानाचं दुकान टाकलंय, मे महिन्यात जीएसटी नंबर घेतला. तो माझ्यावरच ओरडला, "दादा, तूच सांगा व्हता ना माले ओटीपी! तू म्हणे, लवकर बोल, गिऱ्हाइक उभं शे!"

आता आठवतंय. काउंटरवर सात-आठ जण, एका हातात बियाण्याची पाकिटं, फोन खांद्याला लावलेला. भाऊ म्हणाला, "कर भरायचा आहे, माझं कार्ड चालेना, तुझ्या कार्डाचा फोटो माझ्याकडे आहे, ओटीपी सांग." मी सांगितला. पुढच्या मिनिटाला विसरलो. भावाच्या सल्लागाराने त्याच्या नावाने पीटीईसी काढून दिला होता, त्याचं पहिलं चलन ते.

त्याने पावती पाठवली. पांझराताई, तुमचा हिशेब दमडीपर्यंत बरोबर निघाला. कर २,५००, आकार २५, जीएसटी ४.५०.

डिस्प्यूट फॉर्म भरला नाही हे किती बरं झालं. काका, तुमचे उपकार.

---

तिसरी_खिडकी – रात्री ८:१५

उपकार कसले. पण कार्डाचा फोटो भावाच्या फोनमध्ये कशाला? आज सांगा त्याला पुसायला. आणि ओटीपी गर्दीत वाचून दाखवायचा नाही, आठ गिऱ्हाइकं ऐकतात.

---

पांझरा – रात्री ८:४०

पावती नीट बघून घ्या, पुढच्याच्या कामाला येईल म्हणून लिहिते. वर 'एमटीआर फॉर्म ६' असेल, व्यवसाय कराचं चलन तेच. जीआरएन नावाचा लांब क्रमांक असेल, 'एमएच' ने सुरू होणारा. त्याच्या शेवटाकडे २०२५२६ असे आकडे दिसतील, म्हणजे आर्थिक वर्ष. महाजीएसटीच्या संकेतस्थळावरून भरला तरी पैसे शासनाच्या ग्रास प्रणालीतून तिजोरीत जातात, म्हणून हा क्रमांक. भावाचा नोंदणी क्रमांक ९९ ने सुरू होऊन 'पी' वर संपेल. २७ ने सुरू होत असेल तर ते नोकरांच्या पगारातून कापलेल्या कराचं, पीटीआरसीचं खातं. चुकून त्यात भरला नाही ना, तेवढं बघा. नवे लोक हमखास घोटाळा करतात.

भावाने मे संपल्यावर नोंदणी केली असेल तर त्याला ३० जून नाही, नोंदणीपासून एक महिना असतो.

आणि एक प्रश्न दुपारपासून मनात आहे. तुमचे सल्लागार म्हणाले ना, जूनमध्ये तुमच्या नावाने काहीच भरलेलं नाही? मग तुमचा स्वतःचा पीटीईसी कुणी भरला?

---

बियाणंवाला – रात्री ९:३३

...

---

मेहरूणची_बोरं – रात्री ९:३५

गाभाऱ्यात शांतता.

---

बियाणंवाला – मंगळ, १५ जुलै, सकाळी ११:२०

फाइल काढली. शेवटची पावती २०२२-२३ ची. त्यानंतर सल्लागार बदलला. जुन्याला वाटलं नवीन भरेल, नवीन म्हणतात तुम्ही कधी सांगितलंच नाही. दोघांचंही खरं. तीन वर्षांचे ७,५०० बाकी.

म्हणजे भावाच्या अडीच हजारांवरून दोन रात्री झोप नाही, आणि स्वतःचे साडेसात हजार तीन वर्षं पत्ताच नाही. सौ. ला सांगितलं तर म्हणाली, "बोट मी बरोबर ठेवलं होतं, ओळ चुकली." व्याज किती लागेल?

---

पांझरा – दुपारी १२:०५

साधं व्याज, महिन्याला सव्वा टक्का. एका वर्षाच्या करावर महिन्याला ३१.२५. २०२३-२४ चे २५ महिने म्हणजे ७८१.२५, २०२४-२५ चे १३ महिने ४०६.२५, आणि या वर्षाचे नुसते ३१.२५. सगळे मिळून १,२१८.७५. भरताना प्रत्येक वर्षाचं चलन वेगळं करा, कालावधी नीट निवडा. तीन वर्षं एकाच चलनात कोंबली की पुढे कोणतं वर्ष भरलं तेच कळत नाही.

पुढचं आगाऊ भरायचं असेल तर चार वर्षांचे १०,००० एकदम भरून पाच वर्षं सुटका, अशीही सोय आहे. सल्लागार बदलला तरी काळजी नाही.

---

बियाणंवाला – दुपारी १२:३०

१०,००० कार्डाने भरले तर १ टक्क्याने १०० आणि वर १८ जीएसटी. ११८ रुपये उगाच. नेटबँकिंगने भरतो. म्हणजे पुढच्या स्टेटमेंटवर सौ. ला बोट ठेवायला जागाच राहणार नाही.

---

केळीचं_खुंट – दुपारी २:१०

काका, शाखेत जाऊन आलो. विम्याला वारस म्हणून अजून वडिलांचं नाव होतं, ते जाऊन चार वर्षं झाली. बायकोचं लावलं. डेबिट कार्ड दोन निघाली, एक कधी वापरलंच नव्हतं, त्याचेच २३६ जात होते. बंद केलं.

---

मेहरूणची_बोरं – दुपारी २:१८

@बियाणंवाला, भावाकडून २,५०० घेशीलच. वरचे २९.५० सोडू नको भो.

---

बियाणंवाला – दुपारी २:४१

तो म्हणतो, ठिबकच्या नळीत वळते करू. मी म्हटलं, नळी नको, फोनमधला कार्डाचा फोटो पुसल्याचा स्क्रीनशॉट पाठव. अजून आलेला नाही.